हाताचा वेळ आणि बादलीचा वेळ

झेंडूच्या हारांतले दोरे काढायला किती वेळ लागेल असं मी लेकीला विचारलं, तर ती म्हणाली चाळीस मिनिटं. मीही मनात तेवढंच धरलं होतं. दिवस होता रविवार, ७ सप्टेंबर २०२५, आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होऊन गेलेली, आणि आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीच्या गणपतीचं दहा दिवसांचं निर्माल्य दोन मोठ्या गोण्यांत भरून गॅलरीत आलं होतं. झेंडू, जास्वंद, दुर्वांच्या जुड्या, शमी, विड्याची पानं, आणि त्यात अडकलेली जर, प्लॅस्टिकचे मणी, कापराची रिकामी पाकिटं, उदबत्तीच्या काड्या. दोघी वर्तमानपत्र पसरून बसलो आणि उठलो तेव्हा पावणेतीन तास झाले होते. दोरा ओला झाला की फुलाच्या देठात असा रुततो की ओढून निघत नाही, कात्रीने कापावा लागतो आणि मग त्याचे तुकडे फुलांत सांडतात, ते परत वेचा. हे आम्हा दोघींना माहीत नव्हतं कारण निर्माल्य आम्ही आयुष्यभर फक्त कलशात टाकत आलो, सोडवत कधीच बसलो नव्हतो.

नववीचा विज्ञान प्रकल्प होता, निर्माल्यापासून खत. वही आणि नमुना जमा करायची तारीख २४ नोव्हेंबर. बाईंनी जुलैतच सांगून ठेवलं होतं आणि वर्गाच्या पालकांच्या ग्रुपवर त्याच दिवशी पाच-सहा जणींनी लिहिलंही, 'अजून खूप वेळ आहे, दिवाळीच्या सुट्टीत करू'. मला हे वाक्य वाचून दरवर्षी धस्स होतं. कारण आजवरचे आमचे सगळे प्रोजेक्ट याच वाक्याने सुरू झालेत आणि रात्री पावणेदहाला 'आई, उद्या द्यायचंय' या वाक्याने संपलेत. त्या दोन वाक्यांच्या मधे काय होतं, वेळ जातो कुठे, याचा मी गेली दोन वर्षं खरंच खूप विचार केलाय.

लेक आळशी नाहीये, हे आधी सांगते. मुलांचा प्रोजेक्ट रखडला की आपल्या तोंडून पहिला शब्द तोच निघतो, आळस. आणि दुसरा, मोबाईल. दोन्हीत थोडं तथ्य असेलही, पण मी तिला पाहते ना, सकाळी सव्वासहाला उठून क्लास, शाळा, परत क्लास, संध्याकाळी साडेसातला घरी येते, तिच्या वयाची मी इतकं कधीच पळत नव्हते. त्यात पहिली ते आठवी सगळ्या विषयांना प्रकल्प. २०१०पासून आपल्या राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, त्याच्या आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या, भागात तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय असं सगळं आलं, आणि ती कल्पना मला अजूनही मनापासून पटते, तीन तासांच्या एका पेपरावर मूल तोलायचं नाही ही. पण प्रत्यक्षात होतं असं की प्रत्येक विषयाचे शिक्षक आपापला प्रकल्प देतात आणि सगळ्यांच्या तारखा सहामाहीच्या आधीच्या त्याच पंधरवड्यात येतात, कारण गुण तेव्हा भरायचे असतात. भूगोलाच्या सरांना मराठीच्या बाईंनी काय दिलंय ते माहीत नसतं. मूल मात्र एकच असतं. शिक्षकांच्या खोलीत भिंतीवर एक कॅलेंडर लावून त्यावर प्रत्येकाने आपली तारीख लिहिली तरी कितीतरी फरक पडेल असं मला वाटतं, हे मी पालकसभेत बोलूनही दाखवलंय.

तर आळस नाही, मग काय? दोऱ्यांच्या त्या चाळीस मिनिटांनी मला एक जुनी गोष्ट आठवली, ऑफिसच्या एका ट्रेनिंगमधे ऐकलेली. कॅनडात मानसशास्त्राच्या ३७ विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध लिहून व्हायच्या आत विचारलं होतं, किती दिवसांत पूर्ण होईल? सरासरी उत्तर आलं ३३.९ दिवस. मग विचारलं, समजा सगळंच बिघडलं, वाईटात वाईट झालं, तर? तर म्हणे ४८.६ दिवस. आणि प्रत्यक्षात लागले ५५.५. म्हणजे वाईटात वाईट धरलं होतं त्याहूनही आठवडाभर जास्त! हे १९९४ साली छापून आलं. त्याच्या पंधरा वर्षं आधी, १९७९मधे, कानेमान आणि ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी माणसाच्या या सवयीला नावही दिलं होतं, मराठीत नियोजनाचा भ्रम म्हणता येईल. आपण काम डोळ्यांसमोर आणतो तेव्हा ते सरळ, अडथळ्याविना पार पडतानाच दिसतं, मागच्या वेळी काय काय झालं होतं ते आपण हिशेबात घेत नाही, घेतलं तरी 'ते तेव्हाचं होतं' म्हणतो. मी अकाउंट्समधे आहे, दर महिनाअखेरीला क्लोजिंग, म्हणजे महिन्याचे हिशेब बंद करणं, दोन दिवसांत होईल असं धरते आणि दर वेळी चौथ्या दिवशी मेल जातो, आणि तरी पुढच्या महिन्यात परत दोनच दिवस धरते. चाळिशी ओलांडलेल्या बाईचं असं होतं तर चौदा वर्षांच्या मुलीला काय बोलायचं.

पण हा भ्रम म्हणजे अर्धीच गोष्ट आहे असं मला वाटतं. उरलेली अर्धी मला माझ्या नववीने शिकवली, आणि ती मी आजवर कुणाला सांगितली नव्हती.

१९९६, कोकणातलं तालुक्याचं गाव, ऑगस्ट महिना, बाहेर धो धो पाऊस. आम्हाला बीज अंकुरणाचा प्रयोग दिला होता. तीन वाट्यांत कापसावर मूग ठेवायचे, एक ओली वाटी उजेडात, एक ओली अंधारात, एक कोरडी, आणि सात दिवस रोज कोंबाची उंची मोजून तक्त्यात लिहायची. रोजचं काम किती तर पाच मिनिटांचं. पाच मिनिटांचं काम आहे म्हणूनच मी ते उद्यावर टाकत गेले, आज काय नि उद्या काय, पाच मिनिटं तर लागणार. आणि जमा करायच्या आदल्या रात्री कंदिलापाशी (लाईट नेहमीसारखे गेलेले) वही उघडून बसले तेव्हा मला कळलं की माझ्याकडे आख्खी रात्र आहे, पस्तीस मिनिटांच्या कामाला आख्खी रात्र, आणि तरीही हा प्रयोग आता होऊ शकत नाही. मूग एका रात्रीत सात दिवसांचा होत नाही. मी मुगापुढे कितीही जागले असते तरी झाला नसता.

मग मी आकडे लिहिले. पहिला दिवस शून्य, दुसरा दिवस अर्धा सेंटिमीटर, तिसरा दीड, असे अंदाजाने चढवत नेले, एकाच पेनाने, एकाच बैठकीत, आणि अंधारातल्या वाटीचे कोंब पिवळट असं पुस्तकात होतं म्हणून तेही लिहिलं. दुसऱ्या दिवशी बाईंनी वही बघितली. बराच वेळ बघितली. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "पाचव्या दिवशी वाटीला वास आला असेल ना गं? पाणी बदलायचीस का?" मी म्हटलं, "नाही बाई, वास नाही आला." त्यांनी मान हलवली, सही केली, वीसपैकी अठरा दिले. ओरडल्या नाहीत, काहीच बोलल्या नाहीत. घरी येऊन मी तिसऱ्या दिवशी आईला न सांगता एका वाटीत मूग घातले आणि पाचव्या दिवशी, कोकणातल्या त्या दमट हवेत, त्या वाटीला जो आंबूस, कुजका वास सुटला तो मला आजही येतो. बाईंना तो माहीत होता. ज्याने कुणी तो प्रयोग खरंच केला होता त्या प्रत्येकाला माहीत होता.

त्या रात्रीबद्दल मी इतकी वर्षं स्वतःला दोष देत आले की मी उशीर केला, मेहनत टाळली. आता वाटतं की मी मोजलंच चुकीचं होतं. मी फक्त हाताचा वेळ मोजला, मुगाचा मोजलाच नाही. आणि आश्चर्य म्हणजे हा फरक आपल्या घरातल्या प्रत्येक बाईला स्वयंपाकघरात पाठ असतो. उद्या सकाळी आंबोळ्या करायच्या तर आज सकाळी तांदूळ-उडीद भिजत पडलेच पाहिजेत, संध्याकाळी वाटले गेलेच पाहिजेत, रात्रभर पीठ आंबलंच पाहिजे. हाताचं काम सगळं मिळून पाऊण तासाचं, पण पाऊण तास आधी उठून आंबोळ्या होत नाहीत. म्हणून कामाला निघतानाच्या गडबडीत, डबा भरता भरता, बाई आधी तांदूळ भिजत घालते आणि मग बाकीचं बघते. आपल्याकडे रखडलेल्या कामालाही भिजत घोंगडं म्हणतात, गंमत बघा, भिजणं दोन्हीकडे आहेच, पण घोंगडं भिजलं की उचलवत नाही आणि डाळ भिजली की नुसत्या बोटाने फुटते.

तर २०२५च्या जुलैत मी लेकीला भिंतीवरच्या कालनिर्णयपाशी घेऊन गेले, दुधाचा हिशेब लिहितो तेच. म्हटलं, तू काय काय करायचंय ते विसर, आधी सांग, काय काय आपोआप होणारे आणि त्याला किती दिवस लागतात? तिने शोधलं, सोसायटीच्या गच्चीवर बाग करणाऱ्या काकांना विचारून आली. फुलापानांचं खत बादलीत व्हायला ४५ ते ६० दिवस, ६० धरू. खत झाल्यावर पसरून वाळवायचं, चाळायचं, ४ दिवस. मग ते खत खरंच चांगलं आहे का बघायला त्यात आणि साध्या मातीत मेथी पेरायची, १० दिवस. बेरीज ७४. अनंत चतुर्दशीनंतरचा रविवार ७ सप्टेंबर, तिथपासून २४ नोव्हेंबरपर्यंत दिवस किती, तर ७८. लेक बराच वेळ कॅलेंडरकडे बघत उभी राहिली. "आई, म्हणजे चारच दिवस जास्तीचे आहेत." जुलैत 'खूप वेळ आहे' वाटणाऱ्या प्रोजेक्टमधे चार दिवस! आणि दिवाळीच्या सुट्टीत सुरू केला असता तर झालाच नसता, कितीही जागलो असतो तरी.

मग हाताचा वेळ मांडला. रोज पाच मिनिटं हलवणं आणि नोंद, साठ दिवसांचे पाच तास. चाळणं एक तास, मेथीच्या नोंदी पाऊण-एक तास, लिहिणं चार, तक्ता दोन. दोऱ्यांचे चाळीस मिनिटांचे पुढे पावणेतीन तास झाले ते धरून सगळं साडेपंधरा तासांच्या आसपास. साडेपंधरा तास म्हणजे एक मोठा रविवार आणि सोमवारची सकाळ. आपण प्रोजेक्टकडे बघतो तेव्हा आपल्याला हा रविवार दिसतो, ते ७४ दिवस दिसत नाहीत.

दोऱ्यांच्या अनुभवानंतर तिने आपणहून एक नियम केला, ज्या कामाला हात पहिल्यांदा लागणार त्याच्या अंदाजाची तिप्पट करायची, जे आधी केलंय त्याची दीडपट. मी काही बोलले नाही, तिचा नियम आहे, आणि माझ्या क्लोजिंगला मी तो लावून बघतेय.

तारखा मात्र मी एक न ठेवता चार ठेवायला लावल्या. कुठेतरी वाचलं होतं की अमेरिकेत एमआयटीमधे एका अभ्यासक्रमाच्या तीन निबंधांसाठी काही विद्यार्थ्यांना सत्रभर समान अंतराने तारखा ठरवून दिल्या आणि काहींना आपल्या तारखा आपण ठरवायची मोकळीक दिली, तर ठरवून दिलेल्यांचे गुण जास्त आले, २००२ साली छापलंय ते. मोकळीक मिळालेल्यांतलेही पुष्कळ जण स्वतःला मधल्या तारखा लावून घेत होते, म्हणजे आपण शेवटी ढकलणार हे माणसाला स्वतःबद्दल माहीत असतं, फक्त त्या तारखा नीट जागी बसत नाहीत. म्हणून कॅलेंडरवर लाल पेनाने चार खुणा झाल्या आणि दर खुणेला ती वही मला नाही, गच्चीवरच्या काकांना दाखवायची असं ठरलं. आईला दाखवण्यात काही दम नसतो, आई सोडून देते.

तीन बादल्या केल्या, रंगाचे रिकामे डबे, तळाला आणि बाजूंना भोकं पाडून. एकीत नुसतं निर्माल्य, दुसरीत निर्माल्य आणि वाळका पाला, तिसरीत दोन्ही आणि वर आंबट ताक. प्रश्न एवढाच की कुठलं आधी होतं. रोज फूटपट्टीने ढिगाची उंची, हाताला लागणारा ओलावा, रंग, आणि वासाला शून्य ते तीन असा आकडा, ही वासाची कल्पना तिचीच, मी तिला मुगाची गोष्ट तोवर सांगितली नव्हती.

बाराव्या दिवशी पहिल्या बादलीला वास सुटला. गॅलरीचं दार उघडलं की घरभर. तिचे बाबा म्हणाले, "अगं, टाकून दे ती एक, दोन आहेत ना." तिने टाकली नाही, वहीत लिहिलं, 'दिवस १२, बादली क्रमांक १, वास ३, तळाला पाणी साचलंय, दुर्वा तशाच हिरव्या.' नुसत्या ओल्या फुलांना हवा मिळत नाही, एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा होतो, आणि हवा नसली की कुजणं सुरू होतं, वाळका पाला मधे असला की तो पोकळी धरतो आणि पाणीही पितो. हे काकांनी समजावलं. ती बादली तशीच ठेवून फक्त झाकण लावलं, कारण तिच्यात पाला टाकला असता तर तुलनाच संपली असती.

रोजची पाच मिनिटं मात्र सहज झाली नाहीत, हे खरं सांगायला हवं. नवरात्रात दांडिया, सहामाहीचे पेपर, एकदा ताप. ज्या दिवशी 'नंतर करते' म्हटलं त्या दिवशी ते राहिलंच. मग आम्ही ते कुकरला बांधलं. संध्याकाळी मी कुकर लावला की ती गॅलरीत जायची आणि तिसऱ्या शिट्टीच्या आत नोंद लिहून आत यायची. पुढे लिहिण्याच्या वेळीही तेच केलं, एका कुकरएवढं लिहायचं आणि उठायचं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी इटलीत फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या एका विद्यार्थ्याने स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं टायमर समोर ठेवून पंचवीस मिनिटं अभ्यास, पाच मिनिटं विश्रांती अशी पद्धत बसवली, ती आता जगभर टोमॅटोच्याच इटालियन नावाने ओळखतात, पोमोदोरो. आमच्याकडे टोमॅटो नाही, शिट्टी. पण मला यातलं पटतं ते हे की वेळ घड्याळात बघायचा नाही, घरात आधीच रोज घडणाऱ्या एखाद्या गोष्टीला तो बांधायचा. कुकर रोज लागतोच, त्याला कंटाळा येत नाही.

भाऊबीजेला आम्ही गुहागरला मामाकडे गेलो, २३ ते २६ ऑक्टोबर. बादल्यांचे ४७ ते ५० हे दिवस. शेजारच्या काकूंनी एकदा झाकणं उघडून ढवळलं, पण मोजमाप त्यांनी घेतलं नाही, घेणं शक्यही नव्हतं. परत आल्यावर लेक वही घेऊन बसली आणि मला म्हणाली, "चार रकाने रिकामे आहेत. छेचाळिसाव्या दिवशी उंची १४ होती, एक्कावन्नाव्या दिवशी १३, मधे साडेतेरा लिहू का? तसंच असणार ना?" बरोबर होतं तिचं, तसंच असणार होतं. माझ्या वहीतले आकडेही बरेचसे बरोबरच होते. मी कणीक मळत होते, हात धुतले, तिच्याशेजारी बसले आणि कंदील, वाट्या, बाईंचा तो प्रश्न सगळं सांगितलं. ती शेवटपर्यंत गप्प ऐकत होती. मग विचारलं, "तुला अठरा मिळाले?" मी हो म्हटलं. तिने चार रकान्यांवर एक तिरकी रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, 'गावी गेलो होतो, नोंद नाही.'

खत झालं बासष्टाव्या दिवशी, म्हणजे चारातले दोन दिवस गेले. दुसरी आणि तिसरी बादली जवळजवळ बरोबरच तयार झाली, ताकाने काही फरक पडलेला दिसला नाही, आणि याचं तिला फार वाईट वाटलं कारण ताकावर तिची भिस्त होती. पहिल्या बादलीचं शेवटपर्यंत खत झालंच नाही, काळा चिकट गोळा. मेथी मातीपेक्षा खतात वर आली, पण अंगठ्याच्या नखाएवढीच वर. तिने ते तसंच लिहिलं. एका मैत्रिणीने सांगितलं होतं की एआयला सांगितलं की निर्माल्यावर दहा पानं मिनिटात लिहून देतो, आणि देतही असेल, लिहिण्याचे चार तास त्याने वाचतीलही. साठ दिवस मात्र ना आम्हाला वाचवता आले असते ना त्याला.

डिसेंबरमधे शाळेचं विज्ञान प्रदर्शन होतं, मी अर्धा दिवस रजा टाकून गेले. तिच्या टेबलावर दोन काचेच्या बरण्यांत खत, मेथीच्या दोन कुंड्या आणि ती वही, पानांना मातीचे डाग पडलेली. बाहेरून आलेले परीक्षक सर थांबले, वही चाळली, आणि बोट नेमकं त्या रेघेवर ठेवलं. "हे चार दिवस का रिकामे?" मी तिच्या मागे दोन पावलांवर उभी होते आणि माझ्या पोटात एकोणतीस वर्षांपूर्वीसारखं झालं. ती म्हणाली, "सर, आम्ही गावी होतो. त्या चार दिवसांत काय झालं ते मला माहीत नाही."

सरांनी पान उलटलं. मग बारावा दिवस काढला, आणि विचारलं, "वास तीन म्हणजे नक्की कसा गं?" आणि ती सांगत राहिली, सडलेल्या दुर्वांचा वास आणि सडलेल्या झेंडूचा वास वेगळा कसा असतो इथपासून, हातवारे करत, सरांना पुढच्या टेबलाकडे जायचंय हे तिच्या लक्षातही आलं नाही.